सातवा पाठ

१

सकाळी साडेआठला हॉलचं कुलूप उघडायचं, चारही खिडक्या उघडायच्या, कोपऱ्यातल्या आठ मॅट ओढत आणून ओळीने अंथरायच्या. एकेका मॅटवर दोघं. बावीस वर्षं माझी सकाळ अशीच सुरू झाली. अलीकडे मॅट ओढताना गुडघे कुरकुर करायचे, त्यामुळे दोघा-तिघांना लवकर बोलवायचो आणि वर शिस्तीचं नाव द्यायचो.

पोलिसांना माणूस धरायला शिकवायचं, हे माझं काम. न मारता, न मोडता कसं पाडायचं, कसं धरून ठेवायचं, बेड्या कशा घालायच्या. सगळे मला मास्तर म्हणतात. बायको म्हणते, "लोक म्हातारपणी सोडायला शिकतात, तुमचं आपलं अजून धरणंच चाललंय."

हॉलमध्ये एकच नियम मोडायचा नाही. खाली असलेल्याने मॅटवर दोनदा थाप मारली की वरच्याने सोडायचं. का, कसं, दुखलं का, नाटक करतोस का, असलं काही विचारायचं नाही. आधी सोडायचं, मग बोलायचं.

त्या मंगळवारी सोळा जण होते. धरायचा सराव झाला, मी "सोडा" म्हणालो, सगळे उठले आणि पाण्याच्या टाकीपाशी गर्दी करून उभे राहिले. मी घड्याळ बघत होतो. तेवढ्यात मागे थप, थप असा आवाज झाला.

सवयीने म्हणालो, "सोड त्याला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळलो. खिडकीखालची आठवी मॅट रिकामी होती. नुसती मॅट, तिच्यावर खिडकीचं ऊन.

"कोणाला सोडू, मास्तर?" एक जण म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, जुनी मॅट आहे, आत हवा राहिली असेल. दाबलेला स्पंज उठताना आवाज करतो. हे खरंच आहे, करतो.

पण दोनदा करत नाही.

२

त्याच दुपारी ते पत्र आलं.

प्रकरण मला आधीच माहीत होतं. आठ दिवस सगळीकडे त्याचीच चर्चा होती. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस, वय एक्केचाळीस. डोकं अधूनमधून बिघडायचं, गोळ्यांवर ठीक असायचा. गोळ्या बंद केल्या होत्या. सकाळी अनवाणी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला, "वर जाऊ नका, दोर तुटलाय." कोणाच्या अंगावर गेला नाही, दगड उचलला नाही. नुसता गाड्यांच्या मध्ये उभा होता. त्याची मोठी बहीण कपडे शिवते. भाऊ गाडीखाली येईल या भीतीने तिनेच पोलिसांना फोन केला.

चौघं आले. त्यांनी त्याला पालथा पाडला, हात मागे घेऊन बेड्या घातल्या. एकाने पाठीवर गुडघा ठेवला, दोघांनी पाय धरले, जमादार उभा राहून रुग्णवाहिकेला फोन करत होता. रुग्णवाहिका नऊ मिनिटांनी आली. तोवर तो गेला होता.

गुडघा ठेवणारा वर्षभरापूर्वी माझ्याच हाताखालून गेलेला. चाळिशीतला, अंगाने थोराड, म्हणून आम्ही त्याला पहिलवान म्हणायचो. स्वभावाने इतका मऊ की सरावात जोडीदाराला पाडण्याआधी "लागणार नाही ना?" म्हणून विचारायचा.

पत्रात चौकशी अधिकाऱ्यांनी एवढंच विचारलं होतं: अशा प्रसंगी काय करावं, हे संबंधित कर्मचाऱ्याला शिकवलं होतं का? कागदपत्रांसह हजर राहावं.

शिकवायला हवं होतं ते होतं सातव्या पाठात. 'बेड्या पडताक्षणी माणसाला कुशीवर वळवणे.' पालथा माणूस, वर वजन, आणि तो घाबरलेला. त्याची छाती हलायला जागाच राहत नाही. म्हणून एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि आपल्याकडे ओढायचं. झालं. सगळ्या शिक्षणातला सगळ्यात सोपा पाठ.

दोन वर्षांपूर्वी पाच दिवसांचं शिक्षण तीन दिवसांवर आणण्याचा आदेश आला तेव्हा मी एकदा कुरकुर केली होती. एकदाच. मग सातवा पाठ कागदावर छापून वाटायला लागलो. "घरी वाचा." हजेरीपटात मात्र जुनाच रकाना होता: 'पाठ सात, प्रात्यक्षिक पूर्ण.' रकाना रिकामा राहिला की हजेरीपट परत येतो. मी सही करत गेलो.

पहिलवानाच्या तुकडीचा हजेरीपट काढून पाहिला. ठसठशीत सही. त्या दिवशी पेन नवीन असावं.

३

गुरुवारी तो आवाज घरात आला.

मी जेवायला बसलो होतो. पायांखाली, फरशीच्या आत कुठेतरी, दोन थापा. जोरात नाहीत. घसा बसलेला माणूस हाक मारतो तशा, दमलेल्या. जरा वेळ गेला आणि पुन्हा दोन.

मी पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले. बायको माझ्याकडे बघत राहिली.

"काय हो, उंदीर का?"

"नाही गं. पायात गोळा आलाय."

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानावर यंत्र लावलं, वेगवेगळे आवाज ऐकवले आणि म्हणाले, "तुमच्या वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. जास्तच चांगले."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "एवढे चांगले आहेत तर मी हाक मारते तेव्हा कुठे जातात?"

मला बरं वाटलं. मी स्वतःला समजावलं: बावीस वर्षं दिवसातून शंभर वेळा ऐकलेला आवाज आहे. शिंप्याला झोपेतही कात्री ऐकू येत असेल. त्यात हे पत्र डोक्यात. मन खातंय, दुसरं काय.

रविवारी दुपारी मी पेपर वाचत होतो आणि बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. थप, थप. मी मान वर केली नाही. मी आता मान वर करायची नाही असं ठरवलं होतं.

"किती वेळ चाललंय हे," ती वैतागून म्हणाली. "अहो, खालच्यांना जरा सांगून या ना."

मी पेपर खाली घेतला. तिच्या हातातली चादर अर्धी घडी होऊन तशीच राहिली.

आम्ही तळमजल्यावर राहतो.

४

खात्याच्या वकिलांचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. लहान खोली, फायलींनी भरलेली. ते मला बसा म्हणाले आणि स्वतः उभेच राहिले.

"मास्तर, तुमचा भाग दोन मिनिटांचा आहे. सही तुमची?"

"माझी."

"सही म्हणजे शिकवलं. खात्याने शिकवलं, शिपायाने ऐकलं नाही. जबाबदारी त्याची. विषय संपला."

"आणि शिकवलं नसेल तर?"

त्यांनी दार लोटून घेतलं. मग खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तर मग ती सही खोटी. मग तुम्ही आत, तुमच्यावरचा अधिकारी अडचणीत, त्याच्यावरचा अधिकारी अडचणीत. आणि त्याने मेलेला माणूस परत येतो का? नाही. तो शिपाई सुटतो का? तोही नाही. गुडघा त्याचाच होता. मग उगाच कशाला आ बैल मुझे मार?"

बोलणं चुकीचं नव्हतं. तेच वाईट होतं.

मग त्यांनी मला चित्रफीत दाखवली. जमादाराच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातली. नऊ मिनिटांची. मी आतापर्यंत ती बघायची टाळली होती.

सगळं मला ओळखीचं होतं. पाडणं बरोबर, पाय धरणं बरोबर, बेड्या बरोबर. माझेच पाठ एकामागून एक चालले होते; एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग पाठ संपले आणि ते तसेच थांबले. खालचा माणूस आधी ओरडत होता, मग बोलत होता, मग नुसता आवाज करत होता. जमादार फोनवर पत्ता सांगत होता. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

आणि त्या सगळ्याच्या खाली, थप, थप. थोडा वेळ शांतता. थप, थप.

"हा आवाज कसला?" मी विचारलं.

"कॅमेरा बिल्ल्यावर आपटतोय."

"थांबवा जरा."

त्यांनी चित्र थांबवलं. मी पडद्याजवळ गेलो. माणसाचे दोन्ही हात पाठीवर बेड्यांत होते, आणि त्या हातांवर पहिलवानाची मूठ. पाय दोघांनी दाबलेले. डोकं एका बाजूला वळलेलं, गाल डांबराला चिकटलेला. त्या चौघांपैकी एकाचाही हात मोकळा नव्हता. जमादाराच्या एका हातात फोन, दुसऱ्यात वायरलेस.

"पुढे लावा."

चौथ्या मिनिटाला दोन थापा पडल्या, आणि पहिलवानाने गुडघा उचलला. पूर्ण उचलला. त्याने खाली पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं. मग गुडघा पुन्हा ठेवला.

"हे कशाने केलं असेल, तुम्हाला काय वाटतं?" वकिलांनी विचारलं.

"पायात गोळा आला असेल," मी म्हणालो.

५

पहिलवान मला जिन्यात भेटला. त्याला माझ्यानंतरची वेळ दिली होती. साध्या कपड्यांत तो लहान दिसत होता. मला बघून उभा राहिला, वाकून पाया पडायला लागला. मी त्याला अडवलं.

"बायको-मुलं कशी आहेत?"

"आहेत, मास्तर. पोरगी बोलत नाही." तो जिन्याच्या कठड्याकडे बघत होता. "तुम्ही बघितलं ते?"

"बघितलं."

"मी गुडघा उचलला होता."

"दिसलं मला."

"मी थाप ऐकली, मास्तर. आईशपथ. तुम्ही सांगितलेलं, थाप ऐकली की आधी सोडायचं. म्हणून उचलला. आणि उचलला तर बघतो काय, त्याचे हात माझ्याच हातात. मग म्हटलं थाप मारली कोणी? कान वाजले असतील. तो पुन्हा हलायला लागला. जमादार म्हणाले, धर नीट. मग..."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. केवढा तो खांदा.

"हे सांगितलंस कोणाला?"

"वकिलांना. ते म्हणाले, पुन्हा बोलू नकोस, वेडा ठरशील." त्याने डोळे पुसले. "मास्तर, एक विचारू? उचलल्यावर पुढे काय करायचं होतं? त्या वेळी मी लई आठवलं. उचललाय, आता पुढे काय? मला आठवेचना. तुम्ही सांगितलं असणार. मीच विसरलो असणार."

वरून वकिलांच्या माणसाने त्याला हाक मारली. तो "येतो" म्हणाला आणि वर गेला. मी तिथेच पायरीवर बसलो. खूप वेळ बसलो असेन, झाडायला आलेल्या बाई म्हणाल्या, "साहेब, पाय वर घ्या."

६

चौकशी एका जुन्या शाळेच्या इमारतीत होती. बाहेर बाकावर मृताची बहीण बसली होती. पन्नाशीची बाई, बोटांवर सुईने टोचलेल्या खुणा. मी पलीकडच्या टोकाला बसलो.

"तुम्ही कोणाकडून?" तिने विचारलं.

"मी शिकवतो त्यांना. पोलिसांना."

तिने मान डोलावली. जरा वेळाने म्हणाली, "जबाबदार कोण, जबाबदार कोण, सगळे तेच विचारतात. गुडघ्याचं विचारतात, औषधाचं विचारतात, रुग्णवाहिकेचं विचारतात. फोन मी केला, हे कोणी विचारतच नाही. 'त्याला जरा धरा' म्हणाले मी. माझेच शब्द आहेत. धरा म्हणाले."

मला आत बोलावलं.

चौकशी अधिकारी बाई होत्या, चष्मा डोक्यावर सरकवून कागद वाचत होत्या. आवाज थकलेला, पण कान तिखट. त्यांनी हजेरीपट पुढे केला.

"ही सही?"

"माझी."

"सातवा पाठ म्हणजे नेमकं काय? इथे करून दाखवता येईल?"

"खाली झोपायला कोणीतरी लागेल."

खोलीत सगळे एकमेकांकडे पाहू लागले. खात्याचे वकील उठून हरकत घेणार, तेवढ्यात मागून बाकाचा आवाज झाला. बहीण आत येऊन उभी होती.

"मी झोपते," ती म्हणाली.

अधिकारी बाईंनी तिला दोनदा विचारलं. ती दोनदा हो म्हणाली. तिने चपला काढल्या, फरशीवर पालथी झोपली आणि स्वतःच हात मागे घेतले. एवढ्या माणसांत पंख्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता.

मी गुडघ्यांवर बसलो. एक हात खांद्याला, एक कमरेला. तिला माझ्याकडे वळवलं.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच."

मी तिला उठवायला हात दिला. तिने तो घेतला नाही. ती तशीच कुशीवर, एक कान फरशीला टेकून पडून राहिली. तिचा चेहरा मला दिसत होता, बाकी कोणाला नाही. आधी ती रडेल असं वाटलं. पण ती ऐकत होती. शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकताना माणूस श्वास धरतो, तसा तिने धरला होता. मग तिने नजर वर करून माझ्याकडे पाहिलं, तुम्हालाही ऐकू येतं का, असं.

मी मान हलवली. हो.

ती उठली, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेली. त्या दिवसानंतर ती मला भेटली नाही.

"त्या शिपायाच्या तुकडीला हे असं करून दाखवलं होतं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

खात्याचे वकील पेनाचं टोपण लावत होते, काढत होते.

"नाही," मी म्हणालो. "कागद दिला होता. त्याला नाही, त्याच्या आधीच्या तुकडीला नाही, त्याच्यानंतरच्याही नाही. दोन वर्षांत कोणालाच नाही. सही मी केली. आडातच नव्हतं बाई, पोहऱ्यात कुठून येणार?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते लिहून घेतलं. म्हणही तशीच्या तशी लिहिली.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आधी बोलला असतात तर?" एवढंच बोलली आणि चहा ठेवायला उठली.

७

अहवाल चार महिन्यांनी आला. पहिलवानावर आणि जमादारावर हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याचा खटला. माझं निलंबन, आणि खोटी नोंद केल्याबद्दल वेगळा खटला. शिक्षण तीन दिवसांवर आणणाऱ्या आदेशाबद्दल एकच ओळ होती: आदेशाखालची सही वाचता येत नाही.

हॉलची किल्ली परत करायला गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. नवा मास्तर अजून नेमला नव्हता. हॉल चार महिने बंद होता. कारकून बरोबर आला. तो दारातच थांबला, कारण सामानाची यादी त्याच्याकडे होती आणि आतली धूळ त्याला सोसत नव्हती.

"आठ मॅट आहेत का तेवढं बघा, मास्तर. मी इथून लिहितो."

मॅट मी कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. आता त्या ओळीने अंथरलेल्या होत्या. म्हटलं, कोणीतरी झाडलोट केली असेल. पण फरशीवर सगळीकडे धूळ होती, आणि धुळीवर माझ्या बुटांखेरीज एकही ठसा नव्हता.

मी खिडकीखालच्या मॅटपाशी गेलो. ती दबलेली होती. लांबीला माणसाएवढी. एका टोकाला गालाएवढा खळगा, मध्ये छातीचा, आणि छातीच्या खळग्यात आणखी एक, गुडघ्याएवढा, खोल. मी बघत असताना तो खोल खळगा जरा आणखी खाली गेला.

बावीस वर्षं स्पंज बघतोय मी. वर काही नसताना स्पंज खाली जात नाही.

पळून जावं असं वाटलं नाही, हे खरं सांगतो. दमलो होतो. मी गुडघ्यांवर बसलो, गुडघे कुरकुरले, आणि हात आपोआप जिथे जायचे तिथे गेले. एक वर, एक कमरेच्या जागी. हाताला काही लागेल असं वाटलं नव्हतं.

लागलं. घामाने भिजलेला शर्ट लागला. त्याच्या आत उबदार, जड, ताठ झालेलं काहीतरी. दिसत काहीच नव्हतं, नुसती मॅट आणि धूळ. मी आपल्याकडे ओढलं. जड होतं, पण आलं. मॅटवरचा लांब खळगा पुसला गेला आणि बाजूला अरुंद, कुशीवर झोपल्यासारखा दुसरा पडला. क्षणभर, डोळ्यांच्या कडेला, एक अनवाणी पाऊल दिसलं. टाच काळी, डांबराची.

मग श्वास आत घेतल्याचा आवाज आला. लांबच लांब, पाण्यातून वर आल्यासारखा. माझ्या मनगटाला त्याचा वारा लागला.

मी रडत होतो बहुतेक. सरळ बसलो, भिंतीला पाठ लावली. मनात आलं, झालं. उशिरा का होईना, झालं.

"मास्तर?" कारकुनाने दारातून विचारलं. "आठ भरल्या ना?"

मी मोजायला मान वर केली. सातव्या मॅटमध्ये लांब खळगा होता. सहाव्या मॅटमध्येही. पाचव्या मॅटवरचा जरा आखूड होता, बाईचा असावा. यांच्याबद्दल मला कधी पत्र आलं नव्हतं, कुठे वाचलंही नव्हतं. कोणाच्या हाताखाली, कुठल्या गावात, मला काही माहीत नाही. दोन वर्षांत किती तुकड्या माझ्या सहीने बाहेर पडल्या, तेवढं मात्र माहीत आहे.

आठही भरल्या होत्या.

"लिहा," मी म्हणालो. "आणि तुम्ही जा. मला जरा वेळ लागेल."

तो पुटपुटत निघून गेला. मी भिंतीला धरून उठलो आणि सातव्या मॅटपाशी जाऊन बसलो.